पोकळ वाजणारी जमीन

सेनगाव
३ ऑगस्ट २००३

प्रिय देविदास,

मामाचं पत्र पाहून नवल वाटेल. दुकानात फोन आहे, पण फोनवर बोललं की गिऱ्हाईक ऐकतं, हमाल ऐकतो आणि शेजारचा खतवाला तर हिशेब थांबवून ऐकतो. ही गोष्ट चार लोकांत करायची नाही, म्हणून लिहून राहिलो.

पुण्याला तू मला एका ऑफिसात नेलं होतंस. तिथली लाकडाची जमीन तुझ्या हातची होती. तसली जमीन माझ्या घरात बसेल का? हसू नको. तीस वर्षं अख्ख्या तालुक्याला फरशी विकणारा, बसवणारा माणूस स्वतःच्या घराला लाकूड मागतो म्हणजे काहीतरी कारण असेल.

कारण पुजा. कुलदीपची पोरगी आता चार वर्षांची झाली. तिला ऐकू येत नाही हे तुला माहीत आहे. नांदेडला दोनदा दाखवलं, कानाला मशीन लावून पाहिलं, फरक नाही. आणि माझं घर कसं ते तू पाहिलंच आहेस. कोर्टाची तारीख असो नाहीतर दवाखाना असो, तांड्यावरचा माणूस सेनगावात उतरला की आधी माझ्याकडे. रोजची दहा-पंधरा माणसं. आपल्या माणसांची रीत अशी, की लेकरू दिसलं की मागून जाऊन उचलायचं. पोरीला पावलं ऐकू येत नाहीत. एकदम हात पडला की ती किंचाळते, पळते, पडते. मागच्या महिन्यात शहाबादी फरशीवर पडली, भुवईवर तीन टाके पडले. तेव्हापासून दिवसभर पलंगाखाली बसते. ताटसुद्धा तिथंच सरकवावं लागतं.

कुलदीपने हिंगोलीत दोन खोल्या पाहिल्या आहेत. त्याची बाजार समितीतली नोकरी तिथंच आहे. भाऊबीज झाली की जातो म्हणतो. "बा, तिथं आमी तिघंच राहू. कोन आलं ते तिला दिसंल तरी." आवाज चढवून बोलला असता तर मी त्याच्यावर चढलो असतो. पण तो हळू बोलला आणि बरोबर बोलला. तीच तकलीफ आहे.

पडली तरी लागणार नाही अशी जमीन केली, तर ते थांबतील असं मला वाटतं. तुझ्या आईला यातलं काही कळवू नको. गोजरबाई लगेच येऊन रडायला बसेल.

तुझा मामा
नेमसिंग

पुणे
१४ ऑगस्ट २००३

ती. मामांना देविदासचा नमस्कार,

आधी एक खरं सांगतो. ते लाकूड नाही. लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, तिच्यावर लाकडाचा छापील फोटो आणि फोटोवर काचेसारखा कडक थर. याला लॅमिनेट म्हणतात. फळीला फळी अडकते, खिळा नाही, सिमेंट नाही. खालच्या जमिनीला ती कुठंच चिकटवत नाहीत, सतरंजीसारखी नुसती पसरलेली असते. भिंतीपाशी बोटभर फट सोडावी लागते, कारण हवा बदलली की ती फुगते आणि आक्रसते. तुमच्यातल्या मिस्त्रीला हे पटायचं नाही, पण आहे ते असं आहे.

वर्दळीच्या घरात ती टिकेल का, हे काही गोष्टींवर ठरतं. ओल्या पायांनी किती जण येतात? बादली ओतून जमीन धुता की पुसता? लोखंडी पलंग ओढता का? फरशीला खालून ओल येते का? त्यासाठी हातभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेवा. आतून घाम आला तर हा विषय तिथंच संपला.

हिंगोलीच्या बसमध्ये कंडक्टरकडे चार नमुने देतो आहे. कसेही तपासा. गर्दीच्या घरांची सगळ्यात मोठी तक्रार आवाजाची असते, त्याचा बंदोबस्त माझ्याकडे आहे.

पुजासाठी जीव तुटतो. आईला काही बोललो नाही.

देविदास

सेनगाव
२६ ऑगस्ट २००३

प्रिय देविदास,

प्लास्टिक कोरडं निघालं. माझ्या हातची फरशी आहे, निघणारच.

नमुने मिळाले. मी तुझ्या मामीपुढे, रूपाबाईपुढे ठेवले आणि म्हटलं हे लाकूड नाही, फोटो आहे. तिने नखाने खरवडलं, वास घेतला, उन्हात नेऊन पाहिलं आणि मला खोटं पाडलं. मग तिचं तिलाच दिसलं, की दोन तुकड्यांवर गाठ एकाच जागी आहे, तिच्या बाजूची बारीक चीरसुद्धा तीच. बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "एकच झाड दोनदा जन्मलं की वो." मलाही खरं तर तसंच वाटलं. आयुष्यभर दगड फोडला, एकासारखा दुसरा कधी निघाला नाही.

परीक्षा अशा घेतल्या. चारी तुकडे दोन दिवस पाण्यात ठेवले. पहिला कडेला पापडासारखा फुगला, बाद. राहिलेल्यांवर लोखंडी पलंगाचा पाय ओढला आणि रूपाबाईला वर बसवून पुन्हा ओढला. दुसऱ्यावर ओरखडा आला, बाद. मग चुलीतला निखारा पाडला. तिसरा काळा पडला. चौथा पुसून स्वच्छ झाला. हा चौथा कोणता ते कळव.

रंगाचं सुनेने, संगिताने ठरवलं. पहिल्यांदाच या कामात बोलली. गडद नको म्हणते, फिका नको म्हणते. शेतातली वाळलेली काळी माती पायाला लागून आत येते, तिच्यासारखा राखी-तपकिरी पाहिजे, म्हणजे पाहुणा गेला की पोरीला सोडून झाडू हातात घ्यावा लागणार नाही. एवढं बोलली आणि म्हणाली, "राहनार असलो तर." मी ऐकलंच नाही असं दाखवलं.

बादलीने धुणं बंद करायचं रूपाबाईने कबूल केलं आहे. एवढ्या वर्षांत माझ्या सांगण्यावरून बंद केलेली ही पहिलीच गोष्ट.

नेमसिंग

पुणे
६ सप्टेंबर २००३

ती. मामांना नमस्कार,

चौथा तुकडा आठ मिलीमीटरचा, दुकानांसाठी आणि हॉटेलांसाठी करतात तो. तुम्ही पलंग आणि निखारा लावून जे शोधलं, तेच कंपनी मोठ्या मशीनवर शोधते. आमच्या साहेबांना तुमचं पत्र वाचून दाखवलं, ते खुर्चीतून उठले.

आधी फक्त मधली मोठी खोली करू. माल पाठवतो आहे. त्यात काळ्या जाड फोमच्या गुंडाळ्या आहेत, त्या फळ्यांच्या खाली अंथरायच्या. त्याने पावलाचा आवाज मरतो आणि जमीन मऊ लागते. तुमच्या फरशीला पाण्यासाठी ढाळ दिलेला असणार, तो फरकही फोम भरून काढतो. पुजाच्या दृष्टीने फोमच महत्त्वाचा. देवला नावाचा माझा कारागीर माल पोचल्यावर येईल. माणूस कमी बोलतो, काम चोख करतो.

देविदास

सेनगाव
२८ सप्टेंबर २००३

देविदास,

तुझा देवला आला, दोन दिवसांत खोली करून गेला. हात चांगला आहे, सांध्यात नख जात नाही. दिसायला अशी, की पाहायला आलेले लोक दारातच चपला काढून उभे राहतात, आत पाय टाकत नाहीत.

पण तो गेल्यावर मी हातोडी घेऊन बसलो. माझी सवय तुला माहीत आहे. नवी फरशी झाली की मी एकेक दगडावर हातोडीने टिचकी मारत जातो. भरीव बसलेली फरशी 'टक' करून गप्प होते. खाली पोकळी राहिली तर 'डब' करते, आणि तशी एक जरी निघाली तरी मी ती उपटून पुन्हा बसवतो, मालक नको म्हणाला तरी. या एका गोष्टीवर माझं नाव झालं. तुझी जमीन भिंतीपासून भिंतीपर्यंत डब करते. मधोमध, जिथं ढाळ आहे, तिथं तर ढोलकी. चाललं की पायाखाली दबते आणि वाजते. मऊ म्हणशील तर तेवढीही नाही.

परवा व्यंकटराव ठेकेदार येऊन गेला. वीस वर्षांपासूनचा माझा बरोबरीचा माणूस. खोलीत चार पावलं टाकली, माझ्याकडे पाहिलं आणि हसला. बोलला असता तर बरं होतं.

कुलदीपने सामान बांधायला खोकी आणली आहेत. हे उपटायचं आहे. कधी येतोस ते लिही.

नेमसिंग

पुणे
५ ऑक्टोबर २००३

ती. मामांना नमस्कार,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. मी पाठवलेला काळा फोम खाली असेल तर असा आवाज येऊच शकत नाही. देवलाला विचारलं. तो म्हणतो, काळ्या गुंडाळ्या घरात नव्हत्या. त्याने मामींना विचारलं तर त्या म्हणाल्या, संपल्या. त्याला वाटलं तुम्हीच दुसरीकडे वापरल्या. मग फळ्यांच्या खोक्यांतून आलेला पांढरा पातळ फोम त्याने जोडून अंथरला. चूक त्याची, म्हणजे माझी. पण काळ्या गुंडाळ्या गेल्या कुठं?

जमीन न मोडता उकलता येते. दुसरा फोम घेऊन मी स्वतः दिवाळीच्या आधी येतो.

एक गोष्ट तुमच्यापासून लपवली होती. जमिनीचं ठरलं तेव्हाच कुलदीपदादाचं मला पत्र आलं होतं. लिहिलं होतं, बाच्या समाधानासाठी काय करायचं ते कर, पण आम्ही जाणार आहोत, खोलीचं नक्की केलं आहे. तुम्ही एवढ्या उमेदीने पलंग ओढत होता, मला सांगवलं नाही.

देविदास

सेनगाव
१२ ऑक्टोबर २००३

प्रिय देविदास,

येऊ नको. फोम आणू नको. काय झालं ते नीट सांगतो, मधे थांबू नको, शेवटपर्यंत वाच.

आधी गुंडाळ्यांचं. त्या आल्या त्या दिवशी तांड्यावरचे थावराकाका आणि त्यांच्यासोबतची पाच माणसं डोळ्यांच्या तपासणीसाठी घरी मुक्कामाला होती. तुझ्या मामीने गुंडाळ्या उलगडून पाहिल्या, मऊ लागल्या. तिला वाटलं, माणसांचं घर बघून देविदासने गाद्या धाडल्या. तिने सगळ्यांना अंथरून दिल्या. सकाळी थावराकाका म्हणाले, "असं निजायला जल्मात भेटलं न्हाई," तर हिने विळीने कापून सहा जणांना वाटून टाकल्या. मी विचारलं तर म्हणते, गादीचा कुठं हिशेब ठेवतात का. तुझ्या कंपनीचा फोम आज साखरा गावाकडे सहा घरांत निजून राहिला आहे.

आता दुसरं. परवा दुपारी मी दुकानातून जेवायला आलो. पुजा मोठ्या खोलीत जमिनीवर बसली होती, पाठ दाराकडे. पसरलेल्या सोयाबीनमधून खडे वेचून राहिली होती. पलंगाखाली नव्हती हे पाहूनच मी उंबऱ्यावर थांबलो, तिला दचकवू नये म्हणून. मग हळूच फळीवर पाय ठेवला. एक पाऊल, दुसरं पाऊल. आणि तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. किंचाळली नाही. दात दाखवून हसली आणि पुन्हा खडे वेचायला लागली.

मला वाटलं सावली पडली असेल. बाहेर गेलो, मागच्या दाराने आलो, तिकडून ऊन येत नाही. चप्पल काढली. दोन पावलांत वळली. पुन्हा गेलो, पुन्हा आलो. तिसऱ्यांदा तिने मागे पाहिलंसुद्धा नाही, नुसता हात वर केला, वेचलेले खडे घे म्हणून.

देविदास, मी ते खडे मुठीत घेतले.

मी रूपाबाईला हाक मारली आणि म्हटलं, काही विचारू नको, मागून तिच्याकडे चालत जा. ती चार पावलं गेली आणि पोरीने न वळता हाताचा घास करून तोंडाला लावला. तिची आजी म्हणजे भाकर. मग थावराकाका काठी टेकत आत आले, डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, ते पट्टी बदलायला आले होते. ती उठून कोपऱ्यात गेली आणि तिथून त्यांना पाहत राहिली. घाबरली, पण पडली नाही. कोणीतरी परकं येऊन राहिलं हे तिला आधी कळलं, आणि उठायला वेळ मिळाला. तेवढाच वेळ तिला आजवर कोणी दिला नव्हता.

संगिता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने कधीपासून पाहिलं कोण जाणे. मला म्हणाली, "मामंजी, परत एकदा चाला."

मी चाललो. ती म्हणाली, परत. अकरा वेळा चाललो. अकरा वेळा पोरीला कळलं. शेवटी संगिता मटकन खाली बसली आणि दोन्ही तळहात फळीवर ठेवले. मीही बसलो. हात ठेवला. रूपाबाई पलीकडच्या टोकाला चालून राहिली होती आणि तिचं एकेक पाऊल माझ्या तळहातात येत होतं. जणू जमिनीच्या आत कोणी चाललं आहे. शेकडो खोल्यांची जमीन मी या हाताने केली. जमिनीवरून माणूस असा दुसऱ्याच्या हातात येतो, हे मला माहीत नव्हतं. मी प्रत्येक खोलीत तेच बंद करून आलो होतो.

तुझी जमीन बाद नाही. माझी तपासणी बाद होती. बाकीच्या खोल्यांचा माल पाठव.

नेमसिंग

पुणे
१८ ऑक्टोबर २००३

ती. मामांना नमस्कार,

पत्र वाचून मी गोडाऊनमध्ये गेलो, दार लावलं, फोम न घालता फळ्या पसरल्या, कानांत बोळे घातले, पाठ करून बसलो आणि देवलाला मागून चालायला लावलं. आठ वर्षं हेच काम करतो आहे, मला कधी सुचलं नाही. आम्ही आवाज कसा मारायचा एवढंच शिकलो.

पण कारागीर म्हणून सांगणं भाग आहे. मधोमध जिथं ढोलकी वाजते, तिथं फळी अधांतरी आहे. तुमच्या घरातल्या वर्दळीने दोन वर्षांत सांधे उघडतील. खाली फोम भरला तर सांधे टिकतील आणि पुजाचं जाईल. नाही भरला तर पुजाचं राहील आणि जमीन जाईल. दोन्ही देणारी वस्तू आमच्या दुकानात नाही. फळ्या पाठवतो आहे, पुढचं तुम्ही ठरवा.

आणि व्यंकटराव हसतील त्याचं काय?

देविदास

सेनगाव
२० नोव्हेंबर २००३

प्रिय देविदास,

उत्तराला उशीर झाला, कारण घर उघडून बसलो होतो.

शाळेच्या गॅदरिंगचा लाकडी स्टेज आठवतो? पोरं नाचली की समोर बसलेल्यांच्या छातीत वाजायचं, आणि स्टेज मात्र वर्षानुवर्षं टिकायचा. तेच केलं. फरशीवर हात-हात अंतराने सागवानी पट्ट्या टाकल्या, पाण्याची लेवल लावून ढाळ काढून टाकला, वर प्लायवूड आणि त्यावर तुझ्या फळ्या. फळी कुठंच अधांतरी नाही आणि पोकळी सगळीकडे. मोठी खोली उकलून तीही तशीच केली. मग हातोडी घेऊन बसलो. जिथं 'टक' वाजलं तिथं उपटून पुन्हा बसवलं. सुतार मला वेडा समजून राहिला होता.

व्यंकटराव आला. चालला, हसला. मी पुजाला त्याच्याकडे पाठ करून बसवलं आणि त्याला म्हटलं, आता तिच्याकडे चाल, पाहिजे तेवढा हळू चाल. तो चवड्यावर गेला. तीन पावलांत तिने वळून पाहिलं. तो तिथंच उभा राहिला. जाताना कधी नाही ते मला नमस्कार करून गेला.

कुलदीपचं विचारशील. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीचा टेम्पो सांगितलेला होता. मी आपलं काम करत राहिलो. आदल्या दिवशी संगिताने बांधलेल्या खोक्यांतली भांडी काढून मांडणीवर लावली. एवढंच. कुलदीपने पाहिलं आणि टेम्पोवाल्याला फोन करायला माझ्या दुकानात आला. शेजारच्या खतवाल्याने ऐकलं, म्हणून सगळ्या सेनगावाला कळलं. जूनपासून पोरीला हिंगोलीच्या मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेत घालणार आहोत. सकाळी बापासोबत जीपने जाईल, संध्याकाळी परत येईल. शिकायला तर पाहिजेच.

पाहुणे तेवढेच येतात. नवा नियम एवढाच, की उंबरा ओलांडून आत आलं की फळीवर दोनदा पाय आपटायचा आणि पोरीने पाहिलं की मगच पुढं जायचं. आता तांड्यावरची माणसं दुसऱ्यांच्या घरातही पाय आपटून राहिली आहेत, लोक भांडायला उठतात.

एक सांगायचं राहिलं. पुजाने आता माणसांना नावं ठेवली आहेत, जमिनीवर हाताने वाजवून. रूपाबाईसाठी बोटांनी भराभर. आईसाठी तळहात हळूच दोनदा. थावराकाकांसाठी तीन ठोके, तिसरा काठीचा, बोटाच्या पेराने. परवा माझ्याकडे पाहून तिने एक तळहात जोरात मारला आणि मग फळीवरून बोटं नुसती ओढली. पुन्हा एक जोरात, एक ओढून. मला कळेना. मी उठून चाललो, तिच्या हाताकडे पाहत. प्रत्येक पावलाला तिचा हात बरोबर पडत होता.

मी स्वयंपाकघरात गेलो आणि रूपाबाईला विचारलं, मी पाय ओढतो का. ती भाकर थापत होती, मान वर केली नाही.

"व्हय. डावा. दगड पडला व्हता पायावर, तवापासून. वीस वरसं झाली असतील."

"मग सांगितलं काहून न्हाई?"

"तुमाला ऐकू येत असंल वाटलं."

तुझा मामा
नेमसिंग